आलेखातले उंदीर

जानेवारीतल्या एका रविवारी आप्पा त्यांच्या नातीला घेऊन माझ्याकडे आले. आमच्या मागच्या माथाडी वसाहतीत ते राहतात. मूळचे जुन्नरकडचे. उभं आयुष्य दाणाबंदरात पोती वाहण्यात गेलं, आधी मशीद बंदरला आणि बाजार इकडे आल्यावर वाशीला. नात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र, आणि पीएचडी मात्र तिला गणिती जीवशास्त्रात करायची आहे. घरात हे कुणाला पटलेलं नाही. एवढी वर्षं एक शिकायचं आणि मग दुसऱ्याच दारात जाऊन उभं राहायचं, तिथं हिला कोण विचारणार, असं तिच्या वडिलांचं म्हणणं. मी स्वतः याच रस्त्यानं आले आहे हे आप्पांना ठाऊक होतं. 'ताई, तुम्हीच सांगा काय ते हिला,' एवढं बोलून ते खुर्चीच्या कडेला बसले. मी कपाटातून एक जुनी झेरॉक्स काढली. कडा तपकिरी पडलेल्या, स्टेपलची पिन गंजलेली. तिच्यात एक आलेख आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगनं किती माणसं गेली त्याचे ठिपके, आणि त्या ठिपक्यांमधून जाणारी एक सुरेख, गुळगुळीत रेघ. गणिती जीवशास्त्र म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी कित्येक वर्षं याच पानापासून सुरुवात करत आले आहे.

नात वाकून बघत होती. आप्पांनी चष्मा पुसला, कागद आपल्याकडे ओढला आणि रेघेच्या माथ्यावर बोट ठेवलं. जाड, टोकाला चपटं झालेलं बोट. नख मधोमध चिरलेलं. 'इथं किती?' त्यांनी विचारलं. 'आठवड्याला नऊशेच्या आसपास,' मी म्हटलं. बोट बराच वेळ तिथंच राहिलं. मग त्यांनी कागद उलटून मागची कोरी बाजू बघितली, परत सरळ केला आणि म्हणाले, 'आणि उंदीर कुठं दाखवलेत?'

त्या कागदावर उंदीर नव्हते.

आप्पांची आजी प्लेगातून वाचलेली. तिनं सांगितलेलं त्यांना अजून जसंच्या तसं आठवतं. आढ्यावरून उंदीर पडायचा, झिंगल्यासारखा गोल फिरायचा आणि तिथंच मरायचा. एक पडला की घर सोडायचं, तव्यावरची भाकरी उलटायलासुद्धा थांबायचं नाही. सगळं गाव रानात खोपटी बांधून राही. माणसांना गाठी यायच्या त्या नंतर. आधी उंदरांची मर. आपल्याकडे जुन्या घरांतून हे कुणी ना कुणी ऐकलेलं असतं. आप्पा गेल्यावर मी चहाचे कप विसळत होते आणि तो प्रश्न डोक्यातून जात नव्हता. उत्तर मला माहीत नव्हतं असं नाही. पण हा आलेख मी भौतिकशास्त्राच्या किती तरी हुशार मुलांना दाखवला आहे. पहिला प्रश्न नेहमी समीकरणाचा असतो. रेघ कुठून आली, चल किती, स्थिरांक किती. उंदीर त्यांना आठवतात ते शेवटी, आणि तेही मी आठवण करून दिली तर.

माझीही सुरुवात रेघेपासूनच झाली होती. पुण्याला विद्यापीठात मी सॉलिटॉनवर प्रबंध लिहीत होते. सॉलिटॉन म्हणजे एकटी चालणारी लाट, जी पसरत नाही, फुटत नाही, आपला आकार सांभाळत पुढं जाते. १८३४ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळच्या युनियन कालव्यात जॉन स्कॉट रसेल या अभियंत्याला ती पहिल्यांदा दिसली. घोडे ओढत असलेली नाव अचानक थांबली, पण नावेपुढं साचलेलं पाणी थांबलं नाही. त्याचा एक गोलसर उंचवटा सुटा होऊन पुढं निघाला आणि रसेल घोड्यावरून मैल-दोन मैल त्याच्या मागं गेला. १८९५ मध्ये कोर्टवेग आणि द व्रीस यांनी तिचं समीकरण लिहिलं. पुढं १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी संगणकावर अशा लाटा एकमेकींतून आरपार जाताना पाहिल्या आणि तिला सॉलिटॉन हे नाव मिळालं. तिचा आकार हायपरबोलिक सेकंटच्या वर्गाचा. आम्ही 'सेच स्क्वेअर' म्हणायचो. चढ आणि उतार अगदी सारखे, माथा मऊ, दोन्हीकडची शेपटं हळूहळू शून्याला टेकणारी. प्रबंधाच्या त्या वर्षांत हा आकार मी इतक्या वेळा काढला की फोनवर बोलताना हातात पेन असेल तर वहीच्या समासात तोच उमटायचा.

आणि एका दुपारी ग्रंथालयात, वेगळंच काही शोधताना, रॉयल सोसायटीच्या १९२७ च्या अंकात तोच आकार समोर आला. खाली लिहिलेलं, मुंबईतला प्लेग. सूत्र होतं ८९० गुणिले सेच-वर्ग, कंसात ०.२ टी वजा ३.४. टी म्हणजे आठवडे. माझी लाट, माझ्याच शहराच्या मृत्यूंवर बसवलेली. अंगावर काटा आला तो आनंदाचा होता, हे आज सांगायला मला जड जातं. मी तिथंच उभ्या उभ्या तोंडी हिशेब केला. ३.४ भागिले ०.२ म्हणजे १७, म्हणजे सतराव्या आठवड्यात माथा. वक्राखालचं क्षेत्रफळ ८९०० येतं. सूत्राच्या हिशेबानं, त्या एका हंगामात, एवढी माणसं. सतरावा आठवडा म्हणजे एप्रिलचा मध्य, चैत्र, हे कळायला मात्र बसनं घरी जावं लागलं. खिडकीबाहेर कुणाच्या तरी अंगणात वाळवणं पडलेली होती. चैत्रात घरोघरी हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हं. आणि त्या वर्षी त्याच दिवसांत गिरगाव, मांडवी, कामाठीपुरा. रोज सव्वाशेच्या वर.

तो निबंध लिहिणारे दोघेही एडिंबराचे, रसेलच्या कालव्यापासून हाकेच्या अंतरावर. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. तरुणपणी, डासांतून हिवताप पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉसबरोबर सिएरा लिओनला गेलेले, पुढं कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक, १९२० मध्ये परत गेले. विल्यम केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा वय २६. म्हणजे १९२७ चा हा निबंध होण्याआधी तीन वर्षं. मुंबईचा तो आलेख त्यांनी स्वतः कधी पाहिलाच नाही. कुणी तरी वाचून दाखवायचं आणि ते डोक्यात गणित धरून ठेवायचे. दोघांनी माणसांचे तीन गट केले: लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि या खेळातून बाहेर पडलेले, मग बरे होऊन असोत की मरून. प्लेगमध्ये आजाऱ्यांपैकी शंभरात ऐंशी ते नव्वद जात, म्हणून मृत्यूंचा आकडाच त्यांनी तिसऱ्या गटाचा वेग म्हणून धरला. त्यांचं सगळ्यात मोठं सांगणं असं की साथ थांबते ती सगळे संपले म्हणून नव्हे. लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या एका उंबरठ्याच्या खाली गेली की ती आपोआप विझायला लागते, आणि कित्येक जण लागण न होता मागं उरतात. लस सगळ्यांना टोचली नाही तरी साथ का अडते, हे आज आपण जे समजतो त्याच्या मुळाशी हाच उंबरठा आहे. या एका गोष्टीसाठी मी त्या निबंधाला नमस्कार करते.

पण माझ्या लाटेचं काय? कालव्यातली लाट तो आकार धरते कारण पाण्याच्या दोन प्रवृत्ती एकमेकींना तोलून धरतात: एक लाटेला उभी करून फोडू पाहते, दुसरी तिला पसरवू पाहते. प्लेगच्या सूत्रात तसलं काहीच नाही. तिथं समीकरण नेमकं सुटत नव्हतं, म्हणून साथ लहान आहे असं धरून एका घातांकी पदाचे पहिले तीन तुकडे ठेवले आणि बाकीचे सोडून दिले; त्यातून तोच सेच-वर्ग बाहेर आला. आकार एक, कारणं दोन, आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. हे कळलं त्या रात्री मला खरं तर निराश व्हायला हवं होतं. झालं उलटंच. पाण्याची लाट मला पूर्ण कळलेली होती. ही दुसरी का अशी दिसते, आणि अशी दिसते हे खरं तरी आहे का, ते कळलेलं नव्हतं. प्रबंध पुरा केला आणि मी तिकडे वळले.

वळले असं लिहायला सोपं आहे. त्यानंतरची पाच-सहा वर्षं मी दोन्हीकडची पाहुणी होते. जुन्या विभागात गेलं की कुणी तरी आपुलकीनं विचारायचं, 'मग, परत कधी येतेस?' नव्या ठिकाणी हिवतापावर काम करणारे डॉक्टर माझं बोलणं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे, 'डास कुठला?' ॲनोफिलीस स्टीफेन्सी शहरात गच्चीवरच्या टाकीत वाढतो आणि क्युलिसिफेसीस खेड्यातल्या पाटाच्या, खाचरांच्या पाण्यात. माझ्या समीकरणात दोघांसाठी मिळून एकच अक्षर होतं. नेरूळच्या, घणसोलीच्या बांधकामांवर मी मलेरिया खात्याच्या माणसांबरोबर फिरले तेव्हा कळलं की लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी काय असतं. वर सिमेंटची पांढरी साय, तिच्याखाली टॉर्चच्या उजेडात आडव्या तरंगणाऱ्या अळ्या, आणि तिथंच शेजारी वीट ठेवून स्वयंपाक करणारं कुटुंब. डावानं पाणी उचलायचं, थांबायचं, अळ्या वर आल्या की मोजायच्या. हे काम मला आवडायचं आणि त्याच वेळी हातून काही तरी निसटतंय असंही वाटायचं. भौतिकशास्त्रात एखादं उत्तर मिळालं की ते मिळालेलं असतं. इथं या पावसाळ्यातलं उत्तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेल की नाही, ते सांगता येत नाही.

या रस्त्यानं गेलेल्यांत रॉबर्ट मे यांच्याविषयी मला फार जिव्हाळा आहे. सिडनीला अतिवाहकतेवर पीएचडी केलेला सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, पुढं परिसंस्थांच्या गणिताकडे वळलेला. जितक्या जास्त जाती, जितके जास्त त्यांचे एकमेकींशी संबंध, तितकं जंगल स्थिर, असं मानलं जायचं. १९७२ मध्ये मे यांनी यादृच्छिक मॅट्रिक्सचं, म्हणजे वाटेल तसे आकडे भरलेल्या चौकटींचं, गणित तिथं लावलं, जे भौतिकशास्त्रज्ञ विग्नर यांनी अणुकेंद्रासाठी वापरलं होतं. उत्तर उलटं आलं: नुसती गुंतागुंत वाढवत गेलं तर व्यवस्था डळमळते. मग खरी जंगलं टिकतात कशी, हा प्रश्न त्यांनी परिसंस्था अभ्यासणाऱ्यांच्या ओटीत टाकला, आणि ते लोक अजून त्यावर काम करत आहेत. १९७६ च्या निबंधात एका ओळीच्या समीकरणातून किडे-माश्यांची संख्या कशी पुन्हा कधीच तशाच न येणाऱ्या चढउतारांत जाऊ शकते ते त्यांनी दाखवलं. मला त्यांच्यात आवडतं ते हे की समीकरण घेऊन ते आले, पण जंगलाला समीकरणासारखं वागायला लावलं नाही. मे गेले ते २८ एप्रिल २०२० ला. तेव्हा वाशीचं सिडकोचं प्रदर्शन केंद्र करोना रुग्णालय होऊ घातलं होतं, आणि माझे भौतिकशास्त्रातले जुने मित्र रोज रात्री मला आलेख पाठवत होते. प्रत्येकाची रेघ ठिपक्यांवर छान बसलेली, प्रत्येकाची साथ वेगळ्या तारखेला संपणारी. मी कुणाशी भांडले नाही. तेही माझ्यासारखेच घाबरलेले होते, आणि रेघ काढल्यावर थोडं बरं वाटतं हे मला माहीत आहे.

तर उंदीर. केरमॅक आणि मॅकेंड्रिक ते विसरले नव्हते. माणसातला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, आणि आपण जे स्थिरांक धरले ते हंगामभर स्थिर नसणार, हे त्याच निबंधात त्यांनी लिहून ठेवलं आहे. आकृतीखालच्या त्या ओळी कुणी वाचत नाही. आकृती मात्र पाठ्यपुस्तकामागून पाठ्यपुस्तकात गेली, आणि माणसाकडून माणसाला होणाऱ्या साथीचा नमुना म्हणून मुंबईचा प्लेग शिकवला जाऊ लागला. गाठीचा प्लेग तसा नव्हताच. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड पडलेलं शरीर सोडून माणसाकडे येत. शिवाय मुंबईत तो दर वर्षी यायचा आणि उन्हाळा तापला, पावसाळा जवळ आला की दर वर्षी ओसरायचा, कारण हवेतल्या उष्म्याबरोबर पिसवांचं जगणंच बदलायचं. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञानं उंदीर, पिसवा आणि ऋतू असे सगळे धरून पुन्हा हिशेब मांडला आणि दाखवलं की १९०६ चा तो सुबक उतार लागण होऊ शकणारे कमी झाल्यामुळं आलेला नाही, तो ऋतूमुळं आलेला आहे. म्हणजे उंबरठ्याचा सिद्धांत खरा, पण ज्या आलेखानं तो गाजला त्या आलेखात तो नव्हता. मला वाटतं गणिती जीवशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ही गोष्ट सांगायला हवी, आणि कुणाला खिजवण्यासाठी नव्हे. रेघ इतकी छान बसली नसती तर कदाचित कुणी तरी उंदीर लवकर शोधले असते.

आप्पांना हे सगळं लगेच दिसलं याचं मला नवल वाटायला नको होतं. १८९६ च्या सप्टेंबरात डॉक्टर व्हिएगस यांनी मुंबईतला पहिला प्लेग ओळखला तो मांडवीत, धान्याच्या गोदामांच्या आळ्यांत. तेच दाणाबंदर. आप्पांनी तिथंच पोती उचलली, आणि बाजार खाडी ओलांडून आला तेव्हा, ते सांगतात, 'माणसांच्या आधी उंदरांनी गाळे धरले.' थप्पीतलं तळचं पोतं उचललं की हाताला ओलसर ऊब लागते, ज्वारीत केस आणि लेंड्या, कोपऱ्यात कुरतडलेल्या बारदानाचा भुसा, आणि नाकात जाणारा तो आंबट वास. ज्या माणसानं आयुष्यभर ते पोतं पाठीवर घेतलं, त्याच्यासाठी उंदीर हे वगळता येण्याजोगं पद नव्हतंच.

आप्पांच्या नातीला मी त्या दिवशी दुसरं नाव सांगितलं ते कोसंबींचं. दामोदर धर्मानंद कोसंबी म्हटलं की आपल्याला इतिहासकार आठवतात. कार्ल्याच्या, जुन्नरच्या लेण्यांभोवती काठी घेऊन फिरणारे, नाण्यांची झीज तोलून त्यांचं वय काढणारे. पोटापाण्याचा त्यांचा विषय गणित होता. हार्वर्डहून परतल्यावरच्या सुरुवातीच्या निबंधांपैकी एक, १९३० चा, लंबवर्तुळाकार कक्षा कशी सरकते त्यावर आहे, म्हणजे शुद्ध भौतिकशास्त्र. १९३३ मध्ये त्यांनी मार्गांच्या भूमितीवर लिहिलं, आणि एली कार्तान यांच्यासारख्या गणितज्ञानं त्याला जोडून टिपण लिहिलं. पुढं चर्न या गणितज्ञाची भर पडली, आणि तिघांच्या नावानं चालणारा तो सिद्धांत कित्येक दशकांनी कॅनडातल्या पीटर अँटोनेली यांनी जीवशास्त्रातल्या प्रश्नांना लावला. आणि मग १९४४ मध्ये, फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना, युजेनिक्सच्या, म्हणजे सुप्रजननशास्त्राच्या, एका इंग्रजी नियतकालिकात चार पानांचा निबंध: जनुकांमधलं अंतर कसं काढायचं. तांदूळ, गहू, हरभरा यांचे जनुकीय नकाशे करणारे लोक आजही संगणकात 'कोसंबी' हा पर्याय निवडतात. त्यातल्या बहुतेकांना हा माणूस डेक्कन क्वीननं पुण्याहून मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये जा-ये करत असे हे माहीत नसतं.

त्या चार पानांत काय आहे ते मी कागदावर मांडून दाखवलं, आणि इथं मात्र नातीचे डोळे मोठे झाले. एकाच गुणसूत्रावर दोन जनुकं आहेत. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते, आणि ती दोन जनुकं कधी कधी एकमेकांपासून सुटी होतात. जितकी लांब, तितकी सुटण्याची शक्यता जास्त. पण अर्ध्याच्या वर ती जात नाही, कारण फार लांब असली की ती जणू एकमेकांना ओळखतच नाहीत. जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये सूत्र दिलं होतं, पण त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र धरलेली. प्रत्यक्षात एक अदलाबदल झाली की तिच्या जवळ दुसरी सहसा होत नाही. कोसंबींनी ही आडकाठी सूत्रात घेतली: जवळ पूर्ण, लांब जाईल तशी विरणारी. मग शेजारच्या दोन टप्प्यांच्या शक्यता जोडायच्या कशा? दोघींची बेरीज करा आणि तिला एक अधिक त्यांच्या गुणाकाराची चौपट, यानं भागा. नातीनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, 'मॅडम, हे तर वेगांच्या बेरजेचं सूत्र आहे.' आहेच. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत दोन वेग याच सूत्रानं मिळवतात. प्रकाशाचा वेग अर्धा धरला की एका अक्षराचाही फरक उरत नाही. तिथं प्रकाशाच्या पुढं जाता येत नाही, इथं अर्ध्याच्या. आणि दोन्हींच्या पोटात तोच हायपरबोलिक टॅन्जंट, ज्याचा चढ मोजला की सेच-वर्ग मिळतो. माझी कालव्यातली लाट.

तिला वाटलं आता मी म्हणणार, बघ, सगळं एकच आहे. मी तसं म्हणाले नाही, कारण मला ते खरं वाटत नाही. गुणसूत्रावर प्रकाश धावत नाही. कोसंबींचं सूत्र टिकलं ते भौतिकशास्त्रातल्या सूत्रासारखं दिसतं म्हणून नव्हे, तर माशीत आणि मक्यात जी आडकाठी लोकांनी मोजली होती तिला त्यांनी जागा दिली म्हणून. याच माणसानं नंतर रीमान गृहीतक या गणितातल्या जुन्या, न सुटलेल्या कोड्याकडे संभाव्यतेच्या वाटेनं पोचल्याचा दावा शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात मांडला आणि गणितज्ञांनी तो मानला नाही. १९६२ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटशी त्यांचा संबंध संपला. त्यांच्या त्या शेवटच्या वर्षांविषयी वाचताना मला त्रास होतो. दारं ओलांडणाऱ्या माणसाचं एक पाऊल चुकलं की लोक त्याची सगळीच पावलं संशयानं बघतात. जुनंच दार धरून बसलेल्याला ही शिक्षा होत नाही. तिच्या वडिलांची भीती अगदीच खोटी नाही, हे मी तिला सांगितलं. मग हेही सांगितलं की माझ्यापुरता मी हा रस्ता पुन्हा घेतला असता.

पुढच्या रविवारी ती एकटी आली, हातात २०२१ चा एक निबंध. कोसंबींनी जी आडकाठी मोजमापांवरून उचलून सूत्रात ठेवली होती ती येते कुठून, याचं उत्तर आता पुढं येतंय. अरॅबिडॉप्सिस या लहानशा रोपात हेई-टेन नावाचं प्रथिन गुणसूत्राच्या लांबीवर सरकत राहतं. त्याचे बारके पुंजके आधी सगळीकडे असतात. मग मोठे पुंजके लहानांतलं प्रथिन ओढून घेतात, लहान विरतात, आणि शेवटी एकमेकांपासून लांब लांब असे थोडेच उरतात. अदलाबदल होते ती तिथं. मोठा थेंब लहान थेंबांच्या जिवावर वाढतो, हे भौतिकशास्त्राला मिश्रधातूंपासून माहीत आहे, आणि हे काम करणाऱ्यांत भौतिकशास्त्रातून आलेली माणसं आहेत. तिला याच्यावर पीएचडी करायची आहे. समीकरण तिनं घरीच सोडवून आणलं होतं, स्वच्छ अक्षरात. मी ते तपासलं, बरोबर होतं, आणि मग तिला विचारलं की तू गुणसूत्रांची जोडी कधी डोळ्यांनी पाहिली आहेस का.

कांद्याच्या फुलातली पाहता येते. त्यासाठी कळ्या हव्यात, त्याही अगदी कोवळ्या, आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये कांद्याचे ढीग असले तरी कळ्या मिळत नाहीत. आप्पांनीच तोड काढली. गावाकडे त्यांच्या पुतण्याच्या वावरात कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आले होते. डेंगळे आले की कांदा पोसत नाही, शेतकरी वैतागून ते मोडून टाकतो. फेब्रुवारीच्या शेवटी ती जुन्नरला गेली, सकाळी बांधावर उभी राहून बारक्या कळ्या खुडल्या आणि तिथल्या तिथं अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिडच्या बाटलीत टाकल्या. चुलत्यानं विचारलं, याचं काय लोणचं घालणार का? परत आल्यावर ओळखीनं एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. कळी सुईनं फोडायची, परागकोश वेगळा काढायचा, वर ॲसिटोकार्माइन या लाल रंगाचा थेंब, काच ठेवायची, टिपकागद धरून अंगठ्यानं दाबायचं, पण काच सरकू द्यायची नाही. पहिल्या दिवशी तिच्या सगळ्या काचा सरकल्या. लाल बोटं घेऊन घरी गेली, तेव्हा आईनं विचारलं, हे फिजिक्स आहे का.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. कांद्याच्या गुणसूत्रांच्या आठ जोड्या दिसायला हव्यात; तिला सात मोजता येतात आणि एका कोपऱ्यात नुसता गुंता आहे. त्या जोड्यांमधले फुलीसारखे सांधे, जिथं अदलाबदल झालेली असते, तेही तिला मोजायचे आहेत, आणि एका जोडीत दोन आहेत की तीन ते ठरत नाही. तिनं माझं मत विचारलं. मी म्हटलं, तिथल्या बाईंना विचार, मी इतक्या काचा बघितलेल्या नाहीत. 'विचारलं,' ती म्हणाली, 'त्या म्हणतात, अजून थोड्या कळ्या फोड, मग विचार.' शनिवारी ती परत प्रयोगशाळेत जाणार आहे, आणि रविवारी सकाळी आम्ही दोघी तिच्या समीकरणात गुणसूत्राची लांबी कुठून घ्यायची ते बघणार आहोत. आप्पाही येतो म्हणाले आहेत.